ग्लुकोजमापक प्रतिदीप्त फिल्म-संवेदक : संशोधनातील निकषांची चिकित्सा

प्रास्ताविक

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. ग्लुकोज ओळखणाऱ्या नव्या संवेदकांवरील शोधनिबंधांची सुरुवात बहुधा अशाच एखाद्या आकड्याने होते. मात्र दुसऱ्या परिच्छेदापासून निबंधाचा सूर बदलतो. फिल्म कशी तयार केली, क्ष-किरण विवर्तनात कोणती शिखरे मिळाली, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठभाग कसा दिसला आणि शेवटी किती अत्यल्प ग्लुकोज ओळखता आले, या क्रमाने विवेचन पुढे सरकते. ज्या रुग्णाच्या नावाने लेखन सुरू झाले, त्याला या मापनाचा उपयोग होईल काय, हा प्रश्न बहुतेक वेळा अनुत्तरित राहतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू या क्षेत्रातील परिश्रमांचे मोल कमी लेखणे हा नाही. प्रतिदीप्ती म्हणजेच फ्लुरोसन्स या गुणधर्मावर आधारलेले पातळ फिल्म-संवेदक हे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या संगमावरील महत्त्वाचे क्षेत्र आहे. आपल्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळांनाही ते पेलण्याजोगे आहे. तथापि या संशोधनाचे यश ज्या निकषांवर मोजले जाते, ते निकष तपासून पाहणे आता आवश्यक झाले आहे. शोधसीमा, म्हणजे ओळखता येणारी किमान संहती, हा प्रमुख निकष मानल्याने या क्षेत्राची दिशा चुकत आहे आणि फिल्म या घटकाचा खरा विचार मागे पडत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

शोधसीमेचा मोह

निरोगी व्यक्तीच्या रक्तात उपाशीपोटी ग्लुकोजचे प्रमाण साधारणतः ७० ते १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रमाण हे मधुमेहाचे लक्षण मानले जाते. रसायनशास्त्राच्या भाषेत हे प्रमाण ७ मिलिमोल प्रति लिटर होते. म्हणजेच रक्तातील ग्लुकोज हा अत्यल्प प्रमाणात आढळणारा पदार्थ नव्हे. तो मुबलक आहे. एखाद्या निबंधात १० नॅनोमोल एवढी शोधसीमा अभिमानाने नोंदवलेली असते, तेव्हा ती या प्रमाणाच्या सात लाखांश असते, हे ध्यानात घेतले पाहिजे. समुद्राची खोली मोजण्यासाठी सूक्ष्ममापी वापरावा, तशातला हा प्रकार झाला.

यावर असे म्हटले जाईल की, अधिक संवेदनक्षमता असण्यात हानी काय? वस्तुतः हानी आहे, आणि ती साध्या गणिताने दाखवता येते. ग्लुकोज ज्या रेणूशी जोडले जाते, त्या ग्राहक रेणूच्या जागा संहती वाढेल तशा भरत जातात. निम्म्या जागा ज्या संहतीला भरतात, तिला अर्धसंपृक्ती संहती म्हणू. एका फिल्मची अर्धसंपृक्ती संहती ०.१ मिलिमोल आहे आणि दुसरीची ५ मिलिमोल आहे, असे समजा. शून्याजवळ पहिल्या फिल्मच्या प्रतिसादाचा चढ दुसरीच्या ५० पट असतो. साहजिकच, मापनातील गोंधळ दोहोंत सारखाच असेल तर तिची शोधसीमाही ५० पट सरस ठरते आणि निबंधातील तुलनात्मक तक्त्यात तिला वरचे स्थान मिळते.

आता याच दोन फिल्म रुग्णाच्या प्रश्नापुढे ठेवू. ग्लुकोज ४ मिलिमोलवरून ३ मिलिमोलवर उतरले, म्हणजेच ७२ वरून ५४ मिलिग्रॅमवर आले, तर रुग्णाच्या दृष्टीने ती धोक्याची सूचना आहे. पहिल्या फिल्मचा प्रतिसाद या वेळी कमाल मर्यादेच्या ९७.६ टक्क्यांवरून ९६.८ टक्क्यांवर येतो. फरक जेमतेम ०.८ टक्के. दिव्याच्या तीव्रतेत एका टक्क्याचा चढउतार झाला तरी हा फरक त्यात बुडून जाईल. दुसऱ्या फिल्मचा प्रतिसाद मात्र ४४.४ टक्क्यांवरून ३७.५ टक्क्यांवर उतरतो. येथे जवळजवळ ७ टक्क्यांचा फरक मिळतो आणि तो साध्या उपकरणावरही दिसू शकतो. ५० पट ‘चांगली’ ठरलेली फिल्म रुग्णाच्या कामाची नाही, आणि तक्त्यात मागे पडलेली फिल्म उपयोगाची आहे.

नमुना हजारपट विरल करून पहिली फिल्म वापरता येईल, असा एक प्रतिवाद संभवतो. परंतु विरलीकरणाच्या प्रत्येक पायरीत आकारमानाची नवी त्रुटी येते आणि सतत मापन करणाऱ्या संवेदकाच्या बाबतीत तर विरलीकरण शक्यच नसते. अश्रू, घाम किंवा लाळ यांतील ग्लुकोज मोजायचे असेल तर अधिक संवेदनक्षमता हवी, हे मान्य करावे लागेल. तथापि अश्रूंतील ग्लुकोजही साधारणतः मिलिमोलच्या दशांशात असते. तेथेही नॅनोमोलची आवश्यकता उरत नाही.

फिल्म : आधार की मापनाचे अंग?

अनेक निबंधांत फिल्मचा विचार केवळ आधारपृष्ठ म्हणून केलेला दिसतो. जणू ग्राहक रेणू बसवण्याची ती एक बैठक आहे. प्रत्यक्षात संवेदकाचे वर्तन बव्हंशी फिल्मच ठरवते. या मुद्द्याच्या स्पष्टीकरणासाठी थोडा इतिहास पाहणे क्रमप्राप्त आहे.

लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली विकर-इलेक्ट्रोडची कल्पना मांडली. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ऑक्सिजनच्या साहाय्याने ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते. त्यातून ग्लुकोनोलॅक्टोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. खर्च झालेला ऑक्सिजन मोजला की ग्लुकोजचा अंदाज येतो. पुढे १९६७ साली अपडाइक आणि हिक्स यांनी हे विकर पॉलिॲक्रिलअमाइडच्या जेलमध्ये अडकवून ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर बसवले. नमुन्यातील मूळ ऑक्सिजनच बदलला तर उत्तर चुकेल, हे ओळखून त्यांनी विकराचा प्रभाव नसलेला दुसरा इलेक्ट्रोड तुलनेसाठी जोडला. ही सावधगिरी आजच्या अनेक निबंधांत आढळत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

ऑक्सिजनवर आधारलेल्या प्रतिदीप्त फिल्मचे तत्त्वही हेच आहे. रुथेनियमच्या काही संयुगांची प्रतिदीप्ती ऑक्सिजनमुळे मंदावते. १९१९ सालापासून ज्ञात असलेल्या स्टर्न-फोल्मर समीकरणाने या शमनाचे वर्णन करता येते. विकराने ऑक्सिजन खर्च केला की शमन कमी होते आणि फिल्म अधिक उजळते. मात्र येथे एक मूलभूत अडचण आहे. २५ अंश सेल्सिअसला हवेने संपृक्त झालेल्या पाण्यात ऑक्सिजन सुमारे ०.२६ मिलिमोल प्रति लिटर एवढाच असतो. ग्लुकोज ५ मिलिमोल असेल तर ते ऑक्सिजनच्या जवळजवळ वीस पट होते, आणि अभिक्रियेत तर दोहोंचा एकास एक रेणू लागतो. शरीराच्या ऊतींत ऑक्सिजन याहूनही कमी असतो. परिणामी फिल्मला ग्लुकोजऐवजी ऑक्सिजनच्या तुटवड्याचे मापन करावे लागते.

या अडचणीवरचा उपाय अधिक तेजस्वी रंगद्रव्यात नाही. तो फिल्मच्या रचनेत आहे. ऑक्सिजनला सहज वाट देणारा आणि ग्लुकोजला अडवणारा बाह्य थर दिला तर आतील थरात दोहोंचे प्रमाण जुळवता येते. असा थर शोधसीमा बिघडवतो, परंतु मापनाचा उपयुक्त पट्टा रुंदावतो. निबंधाच्या तक्त्यात ही सुधारणा अधोगतीसारखी दिसेल. निकष चुकला की चांगले काम वाईट कसे दिसू लागते, याचे हे बोलके उदाहरण होय.

जाडीचाही असाच विचार व्हावयास हवा. रेणूंना फिल्म ओलांडण्यास लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की हा काळ चौपट होतो. एकावर एक आण्विक थर चढवण्याच्या पद्धतीने किंवा लँगम्यूर-ब्लॉजेट पद्धतीने केलेली फिल्म त्वरित प्रतिसाद देते, मात्र तिच्यात मावणारे विकर आणि मिळणारा प्रकाश दोन्ही कमी असतात. सोल-जेल पद्धतीने केलेल्या फिल्ममध्ये विकर भरपूर मावते, पण सिलिकॉनच्या अल्कॉक्साइडांचे जलविच्छेदन होताना अल्कोहोल सुटते. ते विकराला मारक ठरू शकते. शिवाय वाळताना जेल आकसते आणि भेगा पडतात. या देवघेवीची चर्चा म्हणजेच फिल्मचे खरे विज्ञान होय. जाडी किती, ती कशी मोजली आणि ती बदलल्यावर प्रतिसाद कसा बदलला, या तीन गोष्टी नसलेल्या निबंधाला फिल्मवरील निबंध म्हणावे काय, असा प्रश्न उपस्थित करावासा वाटतो.

तीन मार्ग, तीन मर्यादा

प्रतिदीप्तीच्या आधारे ग्लुकोज ओळखण्याचे तीन प्रमुख मार्ग आहेत. पहिला विकराचा. त्याचे ऑक्सिजनवर आधारलेले रूप आपण पाहिले. ट्रेट्नाक आणि वोल्फबाइस यांनी १९८९ साली याच विकराच्या अंगभूत प्रतिदीप्तीचा उपयोग केला. विकरातील फ्लॅविन घटकाची प्रतिदीप्ती ग्लुकोजच्या सान्निध्यात बदलते. बाहेरून रंगद्रव्य घालण्याची गरज नाही आणि बदल पूर्ववत होतो, ही त्या कल्पनेची शोभा. परंतु प्रतिसादाचा पट्टा अरुंद होता. अलीकडे क्वांटम डॉट किंवा कार्बन डॉट यांची प्रतिदीप्ती हायड्रोजन पेरॉक्साइडने मंदावते, या तत्त्वावर बरेच काम होत आहे. यांपैकी अनेक रचनांत मंदावलेली प्रतिदीप्ती पुन्हा मूळ पदावर येत नाही. ज्याचा बदल परतत नाही त्याला एकदाच वापरावयाची चाचणी म्हणावे. सतत मापन करणारा संवेदक म्हणू नये. शब्दाच्या या सैल वापराने वाचकाची दिशाभूल होते.

दुसरा मार्ग स्पर्धात्मक बंधनाचा. शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली कॉन्कॅनॅव्हॅलिन-ए हे शर्करा ओळखणारे प्रथिन आणि प्रतिदीप्त खूण लावलेले डेक्स्ट्रॅन यांची जोडी वापरली. ग्लुकोज आले की ते डेक्स्ट्रॅनची जागा घेते आणि प्रकाश बदलतो. येथे ग्लुकोज खर्च होत नाही आणि ऑक्सिजनही लागत नाही. तथापि हे प्रथिन मॅनोजला ग्लुकोजपेक्षा अधिक घट्ट धरते आणि काळाच्या ओघात त्याचे गुठळ्यांत रूपांतर होण्याचा धोका राहतो.

तिसरा मार्ग बोरॉनिक आम्लांचा. ती शर्करेतील हायड्रॉक्सिल गटांशी पूर्ववत होणारे बंध करतात. युन आणि चार्निक यांनी १९९२ साली अँथ्रासीनला जोडलेल्या बोरॉनिक आम्लाची प्रतिदीप्ती शर्करेने बदलते, हे दाखवले. त्यानंतर टोनी जेम्स आणि सेइजी शिंकाई यांच्या कामातून दोन बोरॉनिक गट नेमक्या अंतरावर ठेवून ग्लुकोजची निवड साधली गेली. साधे फिनाइलबोरॉनिक आम्ल फ्रुक्टोजला ग्लुकोजपेक्षा कितीतरी अधिक पसंती देते, म्हणून ही सुधारणा मोलाची ठरली. येथे विकर नसल्याने उष्णतेने विकर निकामी होण्याचे भय नाही. मात्र पेरॉक्साइडच्या संपर्कात बोरॉनिक आम्लाचेच ऑक्सिडीकरण होते, आणि जिवंत ऊतीत हा संपर्क टळत नाही.

तीव्रतेवरील अवाजवी विश्वास

बहुसंख्य निबंधांत प्रतिदीप्तीची तीव्रता मोजून तीवरून संहती काढली जाते. परंतु तीव्रता केवळ ग्लुकोजवर अवलंबून नसते. दिव्याचे तेज, फिल्मची जागा, रंगद्रव्याचे प्रकाशाने होणारे विरंजन, द्रावणात पाझरून जाणारे रंगद्रव्य आणि तापमान या सर्वांचा तिच्यावर परिणाम होतो. विशेषतः पाझर आणि विरंजन या दोन गोष्टींनी तीव्रता घटते. जेथे ग्लुकोजमुळे तीव्रता कमी होते असा दावा असेल, तेथे ग्लुकोजविरहित द्रावणात तेवढाच काळ ठेवलेल्या फिल्मचा आलेख दाखवलाच पाहिजे. तो नसेल तर निरीक्षण ग्लुकोजचे आहे की फिल्म धुतली जाण्याचे, हे वाचकाला ठरवता येत नाही.

या दोषावर उपाय उपलब्ध आहेत. दोन तरंगलांबींवरील तीव्रतांचे गुणोत्तर घेता येते, किंवा प्रतिदीप्तीचा आयुःकाल मोजता येतो. आयुःकाल मोजण्याची साधने महाग आहेत, हे खरे. ग्लुकोजला प्रतिसाद न देणारे दुसरे रंगद्रव्य त्याच फिल्ममध्ये घालून गुणोत्तर काढणे मात्र सामान्य प्रयोगशाळेच्या आवाक्यातील आहे.

प्रत्यक्ष नमुन्याची कसोटी

बफर द्रावणात ग्लुकोज घालून मिळवलेला आलेख ही सुरुवात असते. रक्तातील हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश प्रकर्षाने शोषून घेते, तर ॲस्कॉर्बिक आणि युरिक आम्ले पेरॉक्साइडशी संबंधित अभिक्रियांत ढवळाढवळ करतात. रक्तरस शंभरपट विरल करून त्यात ठरावीक ग्लुकोज मिसळायचे आणि तेवढेच परत मिळाले असे दाखवायचे, ही पद्धत रूढ आहे. तिने हस्तक्षेपी पदार्थही शंभरपट विरल होतात, याकडे दुर्लक्ष होते.

वैद्यकीय उपयोगाचे निकष वेगळेच आहेत. घरगुती ग्लुकोजमापकांसाठी २०१३ साली सुधारलेल्या आयएसओ १५१९७ या मानकानुसार किमान ९५ टक्के मोजमापे ठरावीक मर्यादेत बसावी लागतात. ग्लुकोज १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत आणि त्याहून अधिक असेल तर १५ टक्क्यांच्या आत एवढाच फरक चालतो. १९८७ साली मांडलेला क्लार्क त्रुटी-आलेख तर याहून पुढे जाऊन विचारतो की, मापन चुकले तर उपचार चुकेल काय? या दोन्ही कसोट्यांत शोधसीमेला स्थान नाही. प्रतिदीप्त फिल्मवरील निबंधांत या आलेखाचा वापर क्वचितच आढळतो.

मापन अचूक असूनही ते निरुपयोगी ठरू शकते, हे गुगलच्या कॉन्टॅक्ट लेन्सच्या प्रकल्पाने दाखवून दिले. अश्रूंतील ग्लुकोज मोजणाऱ्या लेन्सची घोषणा जानेवारी २०१४ मध्ये झाली. तो संवेदक विद्युत्-रासायनिक होता, तरी त्याचा धडा सर्वांना लागू आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हेरिली या संलग्न कंपनीने काम थांबवले. अश्रूंतील आणि रक्तातील ग्लुकोजचा पुरेसा सुसंगत संबंध मिळत नाही, हे त्यामागचे कारण होते. अश्रू आणि घाम यांसाठी फिल्म बनवणाऱ्या संशोधकांनी हा प्रश्न आधी सोडवणे अगत्याचे आहे.

एका यशाचा अर्थ

प्रतिदीप्तीवर आधारलेला एक संवेदक मात्र प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत पोहोचला आहे. त्वचेखाली बसवल्या जाणाऱ्या एव्हरसेन्स या संवेदकाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये ९० दिवसांच्या वापरासाठी मान्यता दिली. २०२२ साली ही मुदत १८० दिवस झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ३६५ दिवस. त्यात बोरॉनिक आम्लाचे प्रतिदीप्त बहुवारिक वापरले आहे.

या प्रगतीचा तपशील उद्बोधक आहे. ही वाढ शोधसीमा सुधारल्यामुळे झाली नाही. बोरॉनिक आम्लाला पेरॉक्साइडपासून वाचवण्यासाठी संशोधकांनी प्लॅटिनमचा उपयोग केला, कारण प्लॅटिनम पेरॉक्साइडचे विघटन घडवून आणते. दाह कमी व्हावा म्हणून डेक्सामेथासोन या औषधाची योजना केली. सुरुवातीच्या संवेदकाला दिवसातून दोनदा बोटाच्या रक्ताशी ताळा घ्यावा लागे. सारा प्रयत्न टिकाऊपणा, ताळा आणि शरीराची प्रतिक्रिया या तीन गोष्टींवर झाला. ज्या निकषांना आपल्या निबंधांत शेवटच्या परिच्छेदातही जागा मिळत नाही, त्यांच्याच बळावर हा संवेदक तीन महिन्यांवरून एका वर्षावर गेला.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेपुढील मार्ग

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या पदोन्नतीत प्रकाशनांना गुण दिले, आणि निबंधांच्या संख्येला महत्त्व आले. नवे संयुग, नवी फिल्म, नवी शोधसीमा ही साखळी अशा वातावरणात सोयीची असते. परंतु आपल्या प्रयोगशाळांत खरोखर मोलाचे काम होऊ शकते ते दुसऱ्या दिशेने, आणि त्याला मोठी साधने लागत नाहीत.

एकाच पद्धतीने दहा फिल्म करून त्यांच्या प्रतिसादातील तफावत नोंदवता येईल. २ ते २० मिलिमोल या पट्ट्यात ग्लुकोज चढत्या आणि उतरत्या क्रमाने देऊन प्रतिसाद पूर्ववत होतो काय, हे पाहता येईल. ऑक्सिजनचे प्रमाण मुद्दाम बदलून चूक किती होते, ते मोजता येईल. फिल्म शीतकपाटात ४ अंशांवर आणि विदर्भातील उन्हाळ्यासारख्या ४० अंशांवर महिनाभर ठेवून तिची तुलना करता येईल. आपल्याकडील आरोग्य उपकेंद्रात वापरावयाच्या चाचणीसाठी हा शेवटचा प्रयोग कोणत्याही शोधसीमेहून अधिक बोलका ठरेल. अपयशी ठरलेल्या फिल्मची नोंदही प्रसिद्ध व्हावी. त्याशिवाय दुसऱ्या महाविद्यालयातील विद्यार्थी तीच फिल्म पुन्हा करीत राहील.

परीक्षकांचीही येथे जबाबदारी आहे. मापनाचा पट्टा, पुनरावृत्तीतील तफावत, पूर्ववतता, ऑक्सिजनचा प्रभाव आणि साठवणीतील टिकाऊपणा या पाच बाबींची माहिती मागितल्याशिवाय ग्लुकोज-संवेदकावरील निबंध स्वीकारू नये, एवढा साधा नियम केला तरी चित्र पालटू शकेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, प्रतिदीप्त फिल्म-संवेदकांच्या क्षेत्रात कल्पनांची उणीव नाही. १९८२ पासून आजवर मांडलेली तत्त्वे पुरेशी समृद्ध आहेत. उणीव आहे ती योग्य प्रश्नाची. किती थोडे ग्लुकोज ओळखता येते, या प्रश्नाऐवजी ३ आणि ४ मिलिमोल यांतील फरक ही फिल्म महिन्यानंतरही विश्वासाने सांगू शकेल काय, असे विचारले गेले पाहिजे. हा प्रश्न कमी आकर्षक आहे आणि त्याचे उत्तर मिळण्यास महिनाभर थांबावे लागते. परंतु निबंधाच्या पहिल्या ओळीत ज्या कोट्यवधी रुग्णांचा उल्लेख आपण करतो, त्यांच्याशी प्रामाणिक राहण्याचा मार्ग याच प्रश्नातून जातो.